‘सेट’ची अठरा पाने

ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १९२८मध्ये पुरी झाली, तेव्हा तिच्यात ‘सेट’ या एकट्या क्रियापदाने अठराहून अधिक भरगच्च पाने अडवली होती. त्याचे मुख्य अर्थविभाग १५४. त्यातला शेवटचा विभाग ‘सेट अप’चा. त्याच्या पोटअर्थांना संपादक ए, बी, सी अशी अक्षरे देत गेले; झेडपाशी वर्णमाला संपली, तेव्हा एए, बीबी अशी दुहेरी अक्षरे सुरू केली आणि ती आरआरपर्यंत न्यावी लागली. तीन अक्षरांच्या शब्दाच्या एका पोटविभागाला इंग्रजीची सगळी सव्वीस अक्षरे पुरली नाहीत! आता दुसरे टोक पाहा. १६०४ साली लंडनमध्ये रॉबर्ट कॉड्रीचे ‘टेबल आल्फाबेटिकल’ निघाले. इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच सांगणारा पहिला कोश म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्यात अडीच हजारांवर शब्द आहेत. पण गो, गेट, सेट, टेक, पुट ही रोजच्या राबत्यातली मंडळी त्यांत नाहीत. या सव्वातीनशे वर्षांचा हिशेब बहुधा असा मांडला जातो: जुने कोशकार पंडिती वृत्तीचे होते, लोकांच्या तोंडी असलेल्या शब्दांना ते हलके समजत, पुढे काळ बदलला, दृष्टी मोकळी झाली आणि साध्या शब्दांनाही मानाचे पान मिळाले. ऐकायला हे बरे वाटते, पण पुराव्याशी ते पुरते जुळत नाही. छोटे शब्द बाहेर राहिले त्याचे मोठे कारण तुच्छता नव्हते. त्यांचा अर्थ लिहायला जे साधन लागते तेच कोशकारांच्या धंद्यात अजून आलेले नव्हते.

कॉड्री मूळचा शाळामास्तर आणि पाद्री. प्युरिटन मतांपायी त्याची चर्चमधली जागा गेली होती. त्याच्या काळात प्रवचनांत आणि पुस्तकांत लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच शब्दांची गर्दी झाली होती, आणि जे लॅटिन शिकलेले नव्हते त्यांना ते कळत नव्हते. मुखपृष्ठावर त्याने हे पुस्तक कुलीन स्त्रिया आणि इतर अशिक्षित मंडळींसाठी आहे असे स्पष्टच लिहिले आहे. शब्द कसा शोधायचा हेही त्याला वाचकांना शिकवावे लागले: ‘ए’ने सुरू होणारा शब्द यादीच्या आरंभी, ‘व्ही’चा शेवटाकडे; ‘सीए’ने सुरू होणारा शब्द ‘सी’च्या आरंभी, ‘सीयू’चा ‘सी’च्या शेवटी. पहिले अक्षर सारखे असले की दुसरे पाहायचे, ही आज पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट तेव्हा सांगावी लागत होती. आता त्याच्या नोंदी बघा. ‘अबॅश’पुढे तो लिहितो ‘ब्लश’. ‘अबा’पुढे ‘फादर’. डावीकडे परका शब्द, उजवीकडे घरचा, आणि काम संपले. म्हणजे छोटे, साधे शब्द या पुस्तकात नाहीत असे म्हणणे खरे तर चूक आहे. ते पानोपानी आहेत, पण उजव्या बाजूला. अर्थ सांगण्याचे काम तेच करत होते. परक्या शब्दाची उकल घरच्या शब्दाने करायची हे एकच तंत्र हाताशी असेल, तर घरच्या शब्दाची उकल कशाने करणार? ‘ब्लश’ डावीकडे आणला तर उजवीकडे काय लिहायचे? ‘गो’ तर त्याहून बिकट, कारण त्याच्यापेक्षा सोपा शब्दच भाषेत नाही. कॉड्रीनंतरच्या बुलोकर (१६१६), कॉकरम (१६२३), ब्लाउंट (१६५६) यांनी कठीण शब्दांच्याच याद्या वाढवल्या, कारण त्यांचेही तंत्र तेच होते.

यावर पहिला आक्षेप जुन्या कोशांचे जाणकार घेतील. इंग्लंडच्या पूर्वेकडे, नॉरफॉक परगण्यात लिन इथल्या एका डॉमिनिकन संन्याशाने १४४०च्या सुमारास ‘प्रॉम्प्टोरियम पार्व्हुलोरम’ नावाचा इंग्रजी-लॅटिन कोश रचला. त्यात सुमारे बारा हजार नोंदी आहेत, आणि घरगुती, साधे शब्द त्यात भरपूर आहेत. प्रत्येक अक्षराखाली नामे एकीकडे आणि क्रियापदे वेगळी लावलेली आहेत. १५३०मध्ये जॉन पॅल्सग्रेव्हने इंग्रजांना फ्रेंच शिकवण्यासाठी जे जाडजूड पुस्तक लिहिले, त्यातला क्रियापदांचा तक्ता तर पाहण्यासारखा आहे. एकाच इंग्रजी क्रियापदाच्या वेगवेगळ्या वापरांसाठी तो वेगवेगळी वाक्ये आणि त्यांचे फ्रेंच देतो. मग साधन नव्हते हे कसे? नीट पाहिले तर हा आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो. द्वैभाषिक कोशात मोजपट्टी बाहेरून मिळते. लॅटिन किंवा फ्रेंच शब्द उजवीकडे बसला की इंग्रजी शब्द डावीकडे यायला मोकळा. आणि फ्रेंचमध्ये जिथे दोन वेगळे शब्द लागतात तिथे इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ आहेत हे आपोआप उघडे पडते. छोट्या शब्दांविषयी पंडितांना तिटकारा असता, तर दीडशे वर्षे आधीच्या संन्याशाला तो आधी असायला हवा होता. मुंबईतही हेच दिसते. मोल्सवर्थने सुरू केलेला आणि तो मायदेशी गेल्यावर थॉमस कँडीने तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७मध्ये छापला गेला. इंग्रजीतल्या या आखूड क्रियापदांसाठी कँडीला मराठी प्रतिशब्दांची रांगच लावावी लागणे ओघाने आले, कारण मराठी माणूस ‘टेक’च्या जागी कुठे घेतो, कुठे नेतो, कुठे धरतो, तर कुठे समजतो. हा फरक त्याला मराठीनेच दाखवला. इंग्रजीतच राहून हाच फरक दाखवायचा तर दुसरी युक्ती हवी होती.

दुसरा आक्षेप असा की एकभाषिक परंपरेतही हे शब्द फार उशिरा आलेले नाहीत. रिचर्ड मल्कास्टर या नामांकित शिक्षकाने १५८२मध्ये ‘एलिमेंटरी’ या पुस्तकात सुमारे आठ हजार इंग्रजी शब्दांची यादी दिली होती, आणि तिच्यात साधे शब्दही होते. खरे आहे; पण ती यादी शुद्धलेखनाची होती. शब्द होते, अर्थ नव्हते. अर्थ कुणीतरी द्यावेत अशी इच्छा मात्र त्याने बोलून दाखवली. पुढे १७०२मध्ये ‘अ न्यू इंग्लिश डिक्शनरी’ निघाली. तिचा कर्ता जॉन कर्सी असावा असे मानतात. त्यात रोजच्या शब्दांना पहिल्यांदाच ठरवून जागा मिळाली. गिऱ्हाईक होते शिकाऊ मुले, व्यापारी, कारागीर आणि स्त्रिया. त्यांना शब्द बरोबर लिहायचा होता. कर्सीच्या नोंदी वाचल्या की कोशकार कसा अडखळला आहे ते दिसते. ‘एप्रन’पुढे एवढेच की बायका वगैरे वापरतात तो. ‘आर्म’ म्हणजे माणसाच्या शरीराचा, झाडाचा किंवा समुद्राचा. ही व्याख्या नव्हेच. ज्याला शब्द आधीच माहीत आहे त्याला दिलेली खूण आहे. नॅथन बेली १७२१च्या आपल्या कोशात कुत्र्यापाशी आला आणि सर्वांना परिचित असा चतुष्पाद प्राणी, असे लिहून मोकळा झाला. बेलीला आळशी म्हणून हसण्याची पद्धत आहे. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. शब्दाच्या बदल्यात शब्द द्यायचा या रीतीने कुत्र्याविषयी याहून जास्त काही सांगता येत नव्हते, आणि ते त्याने कबूल केले. तेव्हा छोटे शब्द डावीकडे आले ते अर्थासाठी आलेच नाहीत. वर्णलेखनासाठी आले, व्युत्पत्तीसाठी आले, आणि उजवी बाजू मात्र रिकामीच राहिली.

ती भरायला सुरुवात झाली सॅम्युअल जॉन्सनच्या हातून, आणि तीसुद्धा त्याचा मूळ बेत मोडल्यामुळे. १७४६मध्ये लंडनच्या पुस्तकविक्यांशी करार करून तो गफ स्क्वेअरमधल्या घरात कामाला लागला. तो ग्रंथ वाचायचा, उपयोगी वाक्याखाली शिसपेन्सिलीने रेघ ओढायचा, शब्दाचे पहिले अक्षर समासात टिपायचा. मग त्याचे सहा लेखनिक ते वाक्य उतरवून घ्यायचे. सुरुवातीला त्याने वह्या आखल्या. शब्द वर्णानुक्रमे मांडले, प्रत्येकापुढे अंदाजाने जागा सोडली, आणि अवतरणे त्या जागेत भरायला सांगितली. अ‍ॅलन रेडिक या अभ्यासकाने १९९०मध्ये उरलीसुरली हस्तलिखिते तपासून दाखवून दिले की हा बेत काही वर्षांतच कोसळला. साहित्यातून आलेली वाक्ये आधी ठरवलेल्या अर्थांच्या चौकटीत मावेनात. सोडलेली जागा अपुरी पडली आणि काम नव्याने मांडावे लागले. ज्या कोशकाराने अर्थ आधी मनाशी ठरवले आणि दाखले नंतर गोळा केले, त्याला दाखल्यांनीच उलटे शिकवले. १७५५च्या प्रस्तावनेत जॉन्सनने नेमक्या याच शब्दांविषयी तक्रार केली आहे: ब्रेक, कम, गेट, गिव्ह, डू, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक, टर्न. यांचा अर्थ इतका सैल आणि वापर इतका पसरलेला की त्यांना आवर घालता येत नाही, असा त्या तक्रारीचा आशय. ‘फॉल ऑफ’, ‘ब्रेक आउट’, ‘सेट आउट’ असे जोड परक्यांना फार जड जातात हेही त्याने ओळखले आणि ते कसोशीने नोंदवले. इंग्रजीच्या परीक्षेत ज्यांचे गुण याच जोडक्रियापदांनी खाल्ले, त्यांनी जॉन्सनचे निदान अजून शाबूत आहे हे लक्षात घ्यावे. त्याच्या छापील कोशात ‘टेक’चे १३४ अर्थ आहेत. बेलीच्या रीतीने तेवढे सुचणेच शक्य नव्हते. ते सुचलेले नाहीतच. वाक्यांचे ढीग समोर असल्यामुळे दिसलेले आहेत.

याचे सगळे श्रेय जॉन्सनला द्यावे असे मात्र नाही. अवतरणांचा आधार फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीने १६१२च्या इटालियन कोशात घेतला होता, आणि अर्थांना पद्धतशीर क्रमांक देण्याचे काम बेंजामिन मार्टिनने १७४९मध्ये, जॉन्सनच्या सहा वर्षे आधी, करून दाखवले होते. जॉन्सनने या दोन गोष्टी मोठ्या प्रमाणावर एकत्र आणल्या. त्याची साधी नामे वाचताना हेही दिसते की दाखले नुसते व्याख्येच्या मदतीला असतील तर फारसे साधत नाही. ‘नेटवर्क’ची त्याची व्याख्या मूळ शब्दापेक्षा दसपट अवघड आहे आणि तिची टिंगल आजही होते. पण ते अपरिहार्य आहे हे त्याला ठाऊक होते. सर्वांत सोप्या शब्दाला त्याहून सोपा शब्द मिळत नाही, असे त्याने प्रस्तावनेत मान्यच केले होते. नामाच्या बाबतीत तो या कोंडीत सापडला. क्रियापदांच्या बाबतीत मात्र सुटला, कारण तिथे त्याने व्याख्येवरचा भार कमी करून वाक्यांवर टाकला.

इथे भाषेचा तत्त्वज्ञ हात वर करील. १३४ अर्थ खरोखर आहेत की कोशकाराने पाडलेत? कुणी पुस्तक घेते, कुणी औषध घेते, कुणी वेळ घेते. ‘घेणे’ एकच, फरक कर्मात आहे, मग त्याला वेगळा अर्थ का म्हणायचे? आक्षेप वजनदार आहे, आणि अर्थांच्या संख्या एकमेकींशी ताडून पाहणारांनी तो विसरू नये. जॉन्सनचे १३४ आणि ऑक्सफर्डचे १५४ हे काही नदीच्या लांबीसारखे मोजून मिळालेले आकडे नाहीत. कोशकार जरा वेगळ्या स्वभावाचा असता तर शंभर झाले असते किंवा दोनशे. पण अर्थ किती पाडायचे हा प्रश्न पडण्यासाठी आधी वापर समोर असावे लागतात. बेलीला हा प्रश्नच पडला नाही. शिवाय काही फाटे कुठल्याही चाळणीत वेगळेच राहतात: सूर्य ‘सेट’ होतो, जेली ‘सेट’ होते आणि सापळा ‘सेट’ केला जातो. या तिन्हींना एका मूळ अर्थाखाली आणणारे शब्द सापडतील, पण ते इतके धूसर असतील की त्यावरून चौथे वाक्य कुणाला बनवता येणार नाही. कोशाचा वाचक मूळ तत्त्व शोधायला आलेला नसतो; समोरच्या वाक्याचे काय करायचे ते पाहायला आलेला असतो.

एकोणिसाव्या शतकात पुराव्याचे हे साधन धंद्याच्या केंद्रस्थानी आले. वेस्टमिन्स्टरचा डीन रिचर्ड ट्रेंच याने नोव्हेंबर १८५७मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे त्या वेळच्या इंग्रजी कोशांतल्या उणिवा मांडल्या आणि सांगितले की कोशकार हा इतिहासकार आहे, शब्दांचा परीक्षक नव्हे. सोसायटीने वाचकांकडून चिठ्ठ्या मागवायला सुरुवात केली: एक चिठ्ठी, एक शब्द, एक वाक्य, आणि ग्रंथाचा पत्ता. चिठ्ठ्या पहिल्या अक्षरांनुसार गठ्ठे बांधून निरनिराळ्या पोटसंपादकांकडे ठेवल्या होत्या, त्यामुळे त्यांचे नशीबही अक्षरांवरच ठरले. १८७९मध्ये जेम्स मरे याच कामातून निघालेल्या ऑक्सफर्डच्या कोशाचा संपादक झाला आणि दोनेक टन कागद त्याच्या घरी येऊन पडले. ‘एच’चे गठ्ठे इटलीत निघाले. ‘पीए’ने सुरू होणाऱ्या शब्दांचा थोडा भाग आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडला, उरलेल्या चिठ्ठ्या चूल पेटवायला वापरून झाल्या होत्या. मरेने लंडनबाहेर मिल हिल इथे शाळेच्या आवारात लोखंडी पत्र्याची खोली उभारली आणि तिच्यात १,०२९ कप्पे करवून घेतले. त्या कप्प्यांत चिठ्ठ्या लावताना त्याला जे दिसले ते या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण आहे. ‘अ‍ॅब्यूजन’ या जुनाट, जवळजवळ मेलेल्या शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या होत्या. त्याच्याच शेजारच्या, त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या, रोजच्या ‘अ‍ॅब्यूज’च्या पाचही नव्हत्या.

माझ्या म्हणण्याला खरा धक्का इथे बसतो. साधन हाती आले होते, चिठ्ठ्यांची पद्धत तयार होती, तरी साधे शब्द पुन्हा बाहेरच राहिले. मग अडचण साधनाची कशी? वाचकांना साध्या शब्दांचा तिटकारा होता असे म्हणायलाही आधार नाही. ती हौशी, कामसू माणसे होती, पदरमोड करून वर्षानुवर्षे चिठ्ठ्या पाठवणारी. त्यांचे डोळे ओळखीच्या शब्दावर थांबत नव्हते, एवढेच. माणूस अडतो तिथे थांबतो, आणि ‘अ‍ॅब्यूज’पाशी कुणी अडत नाही. कॉड्रीची यादी वाचकाच्या अडण्यातून जन्मली, तीच खोड चिठ्ठ्यांच्या काळातही टिकून राहिली. म्हणून साधनात पुरावा गोळा करण्याइतकीच डोळ्याला वळण लावण्याची सोयही मोजायला हवी, अशी पुस्ती मी माझ्या म्हणण्याला जोडतो. मरेने तीच केली. १८७९च्या आवाहनात त्याने वाचकांना साध्या शब्दांचे दाखलेही टिपायला बजावून सांगितले. तरी पुष्कळ काम संपादकांवरच पडले. पहिला भाग ‘ए’पासून ‘अँट’पर्यंतचा, तो १८८४मध्ये निघाला. पुढे अनेक वर्षे कच्च्या छापावर फिट्झएडवर्ड हॉल रोज तासन्‌तास बसे आणि रिकाम्या जागांसाठी आपल्या टिपणांतून वाक्ये पुरवी. हा अमेरिकन गृहस्थ मूळचा संस्कृतचा अभ्यासक, बनारसच्या संस्कृत कॉलेजात शिकवून गेलेला. ‘एस’चा आरंभ, म्हणजे ‘सेट’ असलेला टापू, हेन्री ब्रॅडलीच्या वाट्याला आला. मरे १९१५मध्ये ‘टी’वर काम करत असताना वारला, तेरा वर्षांनी काम संपले तेव्हा कोशात १८ लाखांवर अवतरणे छापलेली होती, आणि जमलेल्या चिठ्ठ्या पन्नास लाखांच्या घरात.

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’चे क्रियापद सुमारे ४३० अर्थांवर आणि साठ हजार शब्दांवर गेले. संपूर्ण फेरतपासणी मात्र २०००मध्ये इंटरनेटवर सुरू झाली, आणि ती ‘ए’पासून नव्हे तर ‘एम’पासून. पहिल्या हप्त्याची हद्द होती ‘एम’ ते ‘महूरत’. हिंदी सिनेमाच्या मुहूर्ताने ऑक्सफर्डच्या नव्या कामाचा मुहूर्त व्हावा हा योगायोग इथल्या वाचकाला गमतीचा वाटेल. २०११मध्ये ‘रन’ची पाळी आली. पीटर गिलिव्हर या संपादकाने त्या एका क्रियापदावर नऊ महिने घालवले आणि ६४५ अर्थ नोंदवून ते हातावेगळे केले. सेटला मागे टाकणारा शब्द म्हणून वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली. त्याला नऊ महिने लागले ते शब्द अवघड होता म्हणून नव्हे. यंत्रे आणि गाड्या आल्यावर हे क्रियापद कारखाना, हिशेब, निवडणूक, संगणक अशा ठिकाणी शिरत गेले, आणि प्रत्येक ठिकाणचा पुरावा आता शोधयंत्राने डोळ्यापुढे येत होता. ओळखीच्या शब्दावरून घसरणारा माणसाचा डोळा या साखळीतून बाहेर पडला, कारण यंत्राला ‘अ‍ॅब्यूजन’ आणि ‘अ‍ॅब्यूज’ सारखेच.

याच यंत्रातून शेवटचा आणि सर्वांत कठीण आक्षेपही निघाला. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअरने संगणकात साठवलेल्या लाखो वाक्यांवरून कोबिल्ड हा कोश १९८७मध्ये आणला. त्याला दिसले की टेक, गिव्ह, मेक, हॅव या क्रियापदांना रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा स्वतःचा असा अर्थ उरतच नाही. ‘टेक अ लुक’मध्ये सगळे काम ‘लुक’ करते, ‘टेक’ नुसते क्रियापदाची जागा भरते. अर्थ शब्दाचा नसून शब्दगुच्छाचा आहे. असे असेल तर कॉड्री बरोबरच होता म्हणायचे का? या शब्दांना अर्थ नव्हता, म्हणून नोंद नव्हती? सिंक्लेअरचे निरीक्षण मी मान्य करतो, निष्कर्ष मात्र हा निघत नाही. अर्थ गुच्छात असेल तर तो कोशात गुच्छांसकटच लिहावा लागतो, आणि जॉन्सनने ‘सेट आउट’, ‘ब्रेक आउट’ लिहायला घेतले तेव्हा तेच केले होते. सिद्धांत न मांडता, वाक्यांनी ढकलत नेले म्हणून. कोबिल्डने आपल्या व्याख्या सबंध वाक्यात लिहिल्या, ही त्याच वाटेवरची पुढची पायरी होय. शब्दाच्या बदल्यात शब्द देण्याची कॉड्रीची रीत छोट्या शब्दांसाठी निकामी होती, हे सिंक्लेअरइतके स्वच्छ कुणी सिद्ध केलेले नाही.

एक गोष्ट मात्र या साऱ्या घडामोडीत बदलली नाही: उजव्या बाजूला हे शब्द अजून आहेतच, किंबहुना तिथला त्यांचा अधिकार वाढला आहे. १९३०मध्ये सी. के. ऑग्डेनने ८५० शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ पुढे केली आणि कम, गेट, गिव्ह, गो, पुट, टेक धरून अवघ्या अठरा क्रियापदांत भागवले. एवढे थोडे शब्द शिकले की झाले, असा त्याचा दावा. शब्द थोडे होते हे खरे, पण त्यांचे वापर तितकेच होते हे खरे नाही, आणि ‘एंटर’ टाळून ‘गो इन’, ‘टॉलरेट’ टाळून ‘पुट अप विथ’ शिकणाऱ्याची सोय होते की गैरसोय हा वाद तेव्हाच पेटला. त्याच्या विरोधकांत मायकेल वेस्ट होता. ढाक्यात शिक्षकांच्या महाविद्यालयाचा प्रमुख म्हणून त्याने बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना अडखळताना पाहिले होते. १९३५मध्ये त्याने जेम्स एंडिकॉटबरोबर परभाषकांसाठी कोश काढला. त्यातले चोवीस हजार शब्द आणि वाक्प्रयोग त्यांनी १,४९० शब्दांच्या साठ्यातून समजावले. आणि १९५३मध्ये वेस्टने सामान्य उपयोगाच्या सुमारे दोन हजार शब्दांची जी यादी छापली, तिच्यात शब्दाखाली त्याचे अर्थ आणि त्या अर्थांपुढे टक्के दिलेले आहेत: शंभर वेळा हा शब्द आला तर किती वेळा या अर्थाने येतो. हे टक्के अर्थगणतीच्या ज्या कामातून आले, त्यासाठी अमेरिकेत पन्नास लाख शब्दांचा मजकूर तपासला गेला होता, आणि प्रत्येक वापर कुठल्या अर्थात टाकायचा ते ठरवायला समोर ठेवली होती ऑक्सफर्डच्या कोशातली अर्थविभागणी. पहिल्या वर्षाच्या मुलाला ‘गेट’चा कोणता वापर आधी शिकवावा आणि कोणता पुढच्या इयत्तेला ठेवावा, हे शिक्षक आता त्या टक्क्यांवरून ठरवू शकत होता.